‘चिखलातला पाहुणा’ हाउसफुल

डबे सोमवारी सकाळी आले. पत्र्याचे सात डबे, कडांना गंज चढलेला, झाकणांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. बेबीताईंनी पहिला डबा उघडला आणि सवयीने नाक बाजूला घेतलं. जुन्या फिल्मला आंबट वास येतो, कुणी व्हिनेगरमध्ये मोजे भिजत घातल्यासारखा. अठ्ठावीस वर्षं त्या वासात काढल्यावर माणसाला त्याचं काही वाटू नये, पण त्या दिवशी त्यांनी झाकण लगेच खाली ठेवलं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत रिळाचा नंबर होता आणि अक्षर त्यांच्या वडिलांचं होतं.

कारखाना म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत ‘डॉक्टर’ बसत. ते जुन्या चित्रपटांच्या चित्रावरचे ओरखडे, डाग, फाटकी जोडणी बरी करत, म्हणून डॉक्टर. दुसऱ्या खोलीच्या भिंतींना जुने गालिचे ठोकलेले होते. तिथे बेबीताई आवाज धुवायच्या. खरखर, टकटक, गुणगुण, सगळं काढून माणसाचं बोलणं तेवढं स्वच्छ ठेवायचं. वय चोपन्न, केस पिकलेले, तरी सगळे बेबीताईच म्हणत.

डब्यांमधला चित्रपट होता ‘चिखलातला पाहुणा’. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. त्यात एक प्राध्यापक तळ्याच्या गाळात बुडतो आणि रोज संध्याकाळी चिखलाचा राक्षस होऊन स्वतःच्याच घराचं दार वाजवतो. बायको आतून विचारते, कोण आहे. राक्षस खर्जातल्या आवाजात म्हणतो, “दार उघड. पाय पुसून येतो.” राक्षसाचा रबरी पोशाख इतका ढळढळीत होता, की पाठीवरची चेन तीन प्रसंगांत स्पष्ट दिसते. चित्रपट आला तेव्हा आठवड्यात उतरला. मग दहा वर्षांनी त्याच्या कॅसेट निघाल्या, त्या घरोघर फिरल्या आणि कुणाला कळायच्या आत या पडेल चित्रपटाचे वेडे तयार झाले. कॉलेजची मुलं दारात उभं राहून “पाय पुसून येतो” म्हणायला लागली.

कारखान्याचे मालक त्या वेड्यांपैकीच एक. लहानपणी त्यांनी तीन कॅसेट झिजवल्या होत्या. आता त्यांनी हक्क मिळवले होते. रविवारी दुपारी तीन वाजता मोठ्या पडद्यावर एक खेळ, आणि पुढच्या महिन्यात घरी बघायला डिस्क.

“चेन पुसू का?” डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“चेनीला हात लावलात तर लोक मला गाळात घालतील,” मालक म्हणाले.

राक्षसाचे सगळे आवाज बेबीताईंच्या वडिलांनी काढले होते. अण्णांनी. ओलं कातडं बादलीत पिळून त्याची पावलं, वेताची खुर्ची करकरवून त्याचं वळणं, आणि स्वतः गुळण्या करून, तो आवाज संथ करून, त्याचं श्वास घेणं. पहिल्या खेळाला अण्णा मागच्या रांगेत बसून माणसं मोजत होते. अकरा निघाली. मध्यंतरानंतर पाच उरली, त्यातलं एक झोपलेलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी चित्रपटाचं काम सोडलं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे त्या चित्रपटाचं नाव घरात निघालं, की ते पाणी प्यायला उठत. आता ते शहाऐंशी वर्षांचे होते, दोन्ही कानांना यंत्रं होती, आणि बेबीताईंना एकच गोष्ट हवी होती. अण्णांनी एकदा भरलेल्या थिएटरात बसून आपलं काम ऐकावं.

“मी येणार नाही,” अण्णांनी महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं. “एकदा हसं झालं तेवढं पुरे.”

“लोक प्रेमाने हसतात हो अण्णा.”

“हसण्यात प्रेम किती आणि बाकीचं किती, हे मोजायला आता कान राहिलेत कुठे?”

तर सोमवारी बेबीताईंनी पहिल्या रिळाची आवाजपट्टी यंत्रावर चढवली, हेडफोन लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी खोकलं.

पडद्यावर तेव्हा नुसतं तळं होतं. त्यांनी पट्टी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. खोकला होता. पुढे एक खुर्ची करकरली. मग दोन माणसं कुजबुजली, शब्द कळत नव्हते. दुपारपर्यंत त्यांनी वहीत नोंदलं: हॉलमधले आवाज, साधारण दहा-अकरा माणसं.

अकरा आकडा लिहिताना त्यांचा हात थबकला, पण थोडाच वेळ. पट्टी गुंडाळलेली राहिली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण उमटतो तो त्याच चित्रपटाचा. ही मूळ पट्टी होती, स्टुडिओतून निघून थेट कपाटात गेलेली. प्रेक्षकांनी भरलेल्या खोलीत तिने कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. जाऊ दे, म्हणून त्यांनी संगणकावरच्या प्रतीतून खोकला काढला, खुर्ची काढली, कुजबुज काढली. प्रत लख्ख झाली.

मंगळवारी एका ठिकाणचा शब्द तुटक वाटला म्हणून त्यांनी मूळ पट्टी पुन्हा लावली. या वेळी राक्षसाने दार वाजवल्यावर माणसं हसली. अकरा नव्हती. बरीच होती.

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने तेही हसायला लागले.

“काय झालं?”

“अहो, ही मंडळी इतकी मनापासून हसतायत, की राहवेना.” मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “पण हे कुठून आलं?”

“काल एवढं नव्हतं.”

“काल तुमचं लक्ष नसेल.”

“डॉक्टर, मी पगारच त्याचा घेते.”

गुरुवारी मालक फोन नाचवत आले. चित्रपटातल्या राक्षसाचं चित्र छापलेला सदरा घालूनच. तिकिटं खपायला लागली होती. सोमवारी अकरा गेली होती, म्हणाले, तेव्हा धसकाच बसला होता. आता दोनशेच्या वर गेलीत. डॉक्टर आणि बेबीताई एकमेकांकडे बघत राहिले. मालकांना वाटलं, आकडा कमी वाटला म्हणून दोघं गप्प झाले. “अजून तीन दिवस आहेत की,” त्यांनी समजूत घातली.

ते गेल्यावर बेबीताईंनी पट्टी लावली. हशा आता लाटेसारखा येत होता, पुढून सुरू होऊन मागे जात होता. एका बाईला तीन शिंका आल्या, लागोपाठ, आणि तिसऱ्या शिंकेनंतर कुणीतरी म्हणालं, “पाय पुसून ये आधी.” त्यावर सगळं थिएटर हसून कोसळलं.

भीती वाटायला हवी होती. बेबीताई स्वतःलाच चाचपून बघत होत्या, वाटतेय का. पण असं हसणं कानात घेऊन बसलं की भीती ठरतच नाही. त्यांना वाटली ती उत्सुकता, आणि मग एका जाणत्या माणसाची गरज.

शुक्रवारी सकाळी त्या गाडी करून अण्णांना कारखान्यात घेऊन आल्या. “पट्टीत एक बिघाड आहे. मला उमगत नाही,” एवढंच सांगितलं. चित्रपट बघायला या म्हटलं असतं तर अण्णा हलले नसते. बिघाड म्हटल्यावर त्यांनी स्वच्छ सदरा चढवला.

तीन मजले चढून अण्णा खुर्चीत बसले. धाप ओसरल्यावर त्यांनी कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली आणि हेडफोन मागितला.

“यंत्रांशिवाय ऐकू येईल तुम्हाला?”

“लाव तू.”

पहिलं रीळ सुरू झालं. श्रेयनामावली होती, एकेक पाटी येत होती. अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मग त्यांच्या नावाची पाटी आली, खाली ‘ध्वनी आणि चित्रविचित्र आवाज’ असं लिहिलेली, आणि अण्णांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. बेबीताईंना बाहेरूनही ऐकू येत होतं. शिट्ट्या. टाळ्या. पाय आपटणं.

“मागे घे,” अण्णा म्हणाले.

त्यांनी ती जागा चार वेळा ऐकली. मग रुमालाने चष्मा पुसला आणि त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला.

“मोठा हॉल आहे. लाकडी जमीन. मागे बाल्कनी आहे, तिथलं हसणं जरा उशिरा पोचतंय. खुर्च्या भरलेल्या आहेत. रिकाम्या असत्या तर आवाज असा मऊ झाला नसता, माणसांची अंगं तो शोषून घेतात.” मग त्यांनी मान तिरकी केली. “पण बेबी, माइक कुणी लावला हा?”

“म्हणजे?”

“माइक टांगतात तरी, नाहीतर पडद्यापाशी उभा करतात. हा बसलाय. माणूस खुर्चीत बसल्यावर कान जिथे येतील तिथे आहे. समोर आठ रांगा आहेत. डावीकडे तीन माणसं, मग भिंत.” त्यांनी बोटांवर हिशेब केला. “नववी रांग, डावीकडून चौथी खुर्ची.”

बेबीताईंनी यंत्र थांबवलं.

“अण्णा, असा खेळ कधी झालाच नाही.”

“ठाऊक आहे. मी होतो की तिथे. अकरा माणसं.” मग ते बेबीताईंकडे बघून हसले. कित्येक वर्षांत ते असे हसले नव्हते, खालचे दोन दात दाखवून. “रविवारी किती वाजता आहे म्हणालीस?”

शनिवारी डिस्कवर घालायला त्यांची मुलाखत घ्यायची ठरली. डॉक्टर कॅमेरा घेऊन घरी आले. अण्णांनी न्हाणीघरात बादली भरली, कातडं पिळून राक्षसाला चालवून दाखवलं, वेताची खुर्ची करकरवली, आणि शेवटी तोंडात पाणी घेऊन अशा गुळण्या केल्या, की शेजारच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्याही मग तिथेच बसून राहिल्या. डॉक्टरांचा कॅमेरा हसून हसून हलत होता. संध्याकाळी मालकांचा फोन आला: सहाशे वीसपैकी एकच तिकीट राहिलं होतं, आणि तेही राहिलेलं नव्हतं. ती खुर्ची मोडकी आहे म्हणून थिएटरवाले विकतच नाहीत.

“कोणती?” बेबीताईंनी विचारलं.

मालकांना ते माहीत नव्हतं.

रविवारी सगळे दोन वाजताच पोचले. थिएटर जुनं होतं, लाकडी जमिनीचं, मागे बाल्कनी असलेलं. अण्णांनी रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, ती परतून आलेली ऐकली आणि मान डोलावली. मग काठी टेकत नवव्या रांगेपाशी गेले. डावीकडून चौथी खुर्ची उलटलेली होती. थिएटरात असतात तशीच, स्प्रिंगची, उठलं की आपोआप वर जाणारी. त्यांनी बैठक खाली दाबली. हलली नाही.

“ती नका बघू,” डोअरकीपर लांबूनच म्हणाला. “स्प्रिंग धरलीय तिची. मी इथे लागलो तेव्हापासून अशीच वर आहे. तीनदा माणूस आणला, कुणाला खाली होत नाही.”

अण्णा मग पाचव्या खुर्चीत बसले आणि बेबीताई सहाव्या. अण्णांनी यंत्रं काढून खिशात टाकली.

“अहो, ऐकायला आलात ना?”

“ऐकतोच आहे,” ते म्हणाले.

तीन वाजता दिवे गेले आणि पुढचे दोन तास बेबीताई आयुष्यभर विसरल्या नाहीत. हॉलमध्ये वापरलेली प्रत त्यांनी धुतलेली, लख्ख होती. बाकीचं सगळं माणसांनी भरलं, आणि बेबीताईंना प्रत्येक गोष्ट आधीच पाठ होती. दुसऱ्या मिनिटाला खोकला. अण्णांच्या नावाच्या पाटीला शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. जमिनीतून ती थरथर त्यांच्या तळपायांत चढली. अण्णांचा हात त्यांच्या हातात होता. चेन दिसली तेव्हा सहाशे माणसांनी एका सुरात “चेन” म्हटलं. शिंकांची जागा जवळ आली तशी अण्णांनी तीन बोटं वर केली आणि शिंकेगणिक एकेक मिटलं. मग कुणीतरी म्हणालं, “पाय पुसून ये आधी,” आणि अण्णा इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मध्यंतरात ते डावीकडे मान करून बसले होते.

“हे गृहस्थ फार छान हसतात,” ते हळूच म्हणाले. “अगदी वेळेवर. ज्याला कळतं तोच असा हसतो.”

बेबीताईंनी पलीकडे पाहिलं. चौथी खुर्ची उलटलेलीच होती.

“कोण, अण्णा?”

अण्णांनी त्या बाजूला मान डोलावली. यंत्रं खिशात होती, ऐकू गेलं नसेल.

खेळ संपला. मालकांनी पुढे जाऊन अण्णांना उभं केलं आणि लोक वळून वळून टाळ्या वाजवत राहिले. एका आजोबांनी येऊन त्यांचे हात हातात घेतले. एका मुलीने आपल्या कॅसेटच्या खोक्यावर सही मागितली. अण्णांनी सही केली आणि खाली एका थेंबाचं चित्र काढलं, चिखलाचं. सगळी गर्दी ओसरेपर्यंत आपल्या खुर्च्यांत थांबून दोघं सर्वांत शेवटी निघाले. परतताना गाडीत ते राक्षसाच्या आवाजात चालकाला रस्ता सांगत होते.

सोमवारी मालकांना नवी कल्पना सुचली. डॉक्टरांनी त्यांना पट्टीची गोष्ट सांगितली होती, पण ते फक्त डोळे मिचकावून म्हणाले, हॉलमध्ये गुपचूप रेकॉर्ड केलंत ना, उत्तम. डिस्कवर दुसरा आवाजही देऊ. घरी एकट्याने बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, की आपण भरलेल्या थिएटरात बसलोय.

कल्पना चांगलीच होती. बेबीताईंनी मंगळवारी सकाळी सातही रिळं क्रमाने चढवली आणि जशीच्या तशी संगणकावर उतरवायला घेतली. बाहेर ऊन होतं, खालून चष्मेवाल्याचं गिऱ्हाईकाशी बोलणं ऐकू येत होतं. सगळं रविवारसारखंच होतं. शिट्ट्या, चेन, शिंका. त्या पुन्हा हसल्या.

शेवटचं रीळ संपलं. ‘समाप्त’च्या पुढे चित्रपट नव्हता, पण पट्टी अजून थोडी उरलेली होती. आजवर त्या ‘समाप्त’ला यंत्र थांबवत आल्या होत्या. आज थांबवलं नाही.

टाळ्या होत्या, बराच वेळ. मग खुर्च्या उलटायला लागल्या. ठप, ठप, ठपठप, पुढच्या रांगांतून, मागच्या रांगांतून, पाऊस थांबताना थेंब सुटे व्हावेत तशा.

मग अगदी जवळून, उजव्या कानात, एक काठी टेकली. दोन खुर्च्या उलटल्या. एका बाईचा आवाज म्हणाला, “सावकाश. पायरी आहे, अण्णा.”

तो त्यांचा स्वतःचा आवाज होता. काठी लांब गेली. त्यांची पावलं लांब गेली.

डोअरकीपरने किल्ल्या वाजवल्या. दार लागलं.

हॉल रिकामा झाला होता. रिकाम्या हॉलचा आवाज त्यांना ओळखता येत होता. अंगं नसली की शांतता कडक होते.

पट्टी फिरत होती.

कानाशी कुणीतरी सुस्कारा सोडला. मोठा, समाधानाचा, पोटभर जेवल्यावर माणूस सोडतो तसा.

आणि एक खुर्ची सावकाश वर गेली.